प्रोदुत्तोरी देल बारबारेस्को: नेब्बिओलो कळायची असेल तर इथून सुरुवात करा

नेब्बिओलोची वाइन पहिल्यांदाच ओतून घेणाऱ्याला हमखास वाटतं की दुकानदाराने फसवलं. रंग इतका फिका की ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं तर मथळे वाचता यावेत, आणि कडेला विटकरी झाक. कॅबर्ने, शिराझसारख्या गडद वाइनची सवय असलेला माणूस म्हणतो, ही तर जुनी होऊन गेलेली दिसते. मग तो पहिला घोट घेतो आणि अर्धकच्चं जांभूळ चावल्यासारखं तोंड आवळतं. रंगाने मवाळ आणि चवीने कडक असं हे द्राक्ष आहे. ते समजून घ्यायचं तर इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या प्रोदुत्तोरी देल बारबारेस्को या सहकारी वाइनरीची साधी बारबारेस्को, म्हणजे रिझेर्व्हा (जास्त काळ मुरवलेली, महाग) नसलेली, हा सगळ्यात फायद्याचा सौदा आहे.

ही स्वस्त वाइन नव्हे. युरोपात साधारण 30 ते 40 युरोंना मिळते. भारतात आयातशुल्क, राज्याचं उत्पादनशुल्क आणि मधल्या सगळ्यांचा नफा चढून तीच बाटली कितीतरी महाग होते. पण याच गावातल्या आंजेलो गाया यांच्या किंवा शेजारच्या नेइवेतल्या ब्रूनो जाकोझा यांच्या घराण्याच्या बाटल्यांचे भाव पाहिले की हे आकडे किरकोळ वाटू लागतात. घाईत प्यायचीही ही वाइन नव्हे. उकाड्यात, बूच काढल्या काढल्या, बरोबर काही न खाता प्यायलात तर पैसे पाण्यात गेले असंच वाटेल, आणि त्यात बाटलीचा दोष नसेल.

गाव आणि संस्था

बारबारेस्को हे आल्बा शहराजवळचं, तानारो नदीच्या काठच्या टेकडीवरचं लहानसं गाव. या नावाची वाइन बारबारेस्को, नेइवे, त्रेइझो ही तीन गावं आणि आल्बाच्या हद्दीतला एक तुकडा एवढ्यातच बनवता येते, तीही शंभर टक्के नेब्बिओलोची. 1966 साली तिला डीओसी हा ठरावीक भागाच्या वाइनला मिळणारा सरकारी दर्जा आणि 1980 साली त्याहून वरचा डीओसीजी दर्जा मिळाला. किमान 26 महिने मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यातले किमान 9 महिने लाकडी पिंपात. रिझेर्व्हा असं लिहायचं तर 50 महिने. शेजारच्या भागातल्या, नेब्बिओलोच्याच बारोलो या वाइनला हेच आकडे 38 आणि 62 आहेत. बारबारेस्कोचे मळे नदीला जवळ आणि किंचित उबदार, त्यामुळे द्राक्ष थोडं आधी पिकतं आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरट घटक, बारोलोपेक्षा जरा लवकर निवळतं. बारोलो राजा आणि बारबारेस्को राणी असं वाइनवाले म्हणतात. त्यावरून ही नाजूक असेल असं समजू नका. चार वर्षांची बारबारेस्को चांगलीच कडक असते.

नेब्बिओलोला कळी सगळ्यांच्या आधी फुटते, म्हणून वसंतातल्या उशिराच्या हिमाचा फटका बसतो. पिकतं सगळ्यांच्या मागून, बहुधा ऑक्टोबरात, म्हणून शरदातला पाऊसही गाठतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, चुनखडी मिसळलेल्या चिकणमातीच्या उतारांवर ते नीट येतं. साल पातळ, रंगद्रव्य कमी आणि लवकर उतरणारं, पण साल आणि बिया टॅनिनने भरलेल्या, वर आंबटपणाही जोरदार. पिएमोंते आणि आसपासचा भाग सोडला तर जगात फार थोड्या ठिकाणी त्याने पाय रोवले. महाराष्ट्रात नाव झालं ते दुसऱ्या एका इटालियन द्राक्षाचं, सान्जोवेझेचं: अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची ‘सेत्ते’ ही सान्जोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांची, तोस्कानाच्या पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली घडलेली वाइन. आपल्याकडे पावसाळा सरताना छाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे द्राक्ष पिकत असताना हवा तापत जाते. नेब्बिओलोला शेवटच्या महिन्यात रात्री थंडावत जायला हव्या असतात, त्यामुळे अकलूज-नाशिककडून त्याची अपेक्षा न केलेली बरी.

आता संस्थेबद्दल. सहकारी हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. युरोपातही सहकारी वाइनरी म्हणजे स्वस्त, टँकरने विकायचा माल अशी समजूत आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती खरीही आहे. इथे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या भागातली बरीचशी द्राक्षं बारोलो बनवणाऱ्यांकडे जात. 1894 साली आल्बाच्या वाइन विद्यालयाचे प्रमुख दोमित्झिओ कावात्सा यांनी नऊ बागायतदारांना एकत्र करून गावात सहकारी तळघर सुरू केलं आणि बारबारेस्को स्वतःच्या नावाने उभी राहिली. फॅसिस्ट राजवटीत ते बंद पडलं. 1958 साली गावचे धर्मगुरू फिओरीनो मारेंगो यांनी 19 छोट्या बागायतदारांना पुन्हा एकत्र आणलं. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात बनली, मग समोरच चौकापलीकडे स्वतःची इमारत झाली. आज पन्नासच्या आसपास सभासद आहेत आणि त्यांच्याकडे मिळून 100 हेक्टरांहून जास्त नेब्बिओलो, म्हणजे बारबारेस्को क्षेत्राचा साधारण सहावा हिस्सा.

दर्जा टिकला तो दोन नियमांमुळे. सभासदाने आपलं सगळं नेब्बिओलो संस्थेलाच घालायचं. चांगलं स्वतःला आणि उरलंसुरलं संस्थेला ही सोय नाही. शिवाय भाव नुसत्या वजनावर मिळत नाही, प्रतीवर मिळतो. झाडावर घड जास्त ठेवून वजन वाढवणाऱ्याचं त्यात नुकसान होतं, म्हणून हिरवे घड वेळेवर उतरवण्याचं काम सभासद आपणहून करतो.

बनवण्याची रीत जुन्या वळणाची आहे. स्टीलच्या टाक्यांत आंबवणं, सालीसकट तीन-चार आठवडे ठेवणं, मग ओकच्या मोठ्या पिंपांत सुमारे दोन वर्षं. पिंप मोठं असण्याला कारण आहे. 225 लिटरच्या नव्या छोट्या पिंपात लाकडाचा व्हॅनिलासारखा आणि भाजका वास वाइनीत उतरतो. हजारो लिटरच्या, बरीच वर्षं वापरलेल्या पिंपात तो जवळजवळ उतरत नाही. हवा मात्र हळूहळू लागत राहते आणि टॅनिन मऊ होत जातं. म्हणून या बाटलीत द्राक्ष आणि जमीन जशीच्या तशी लागते. लाकडाच्या गोडसर वासाची ज्यांना आवड आहे त्यांना ती रुक्ष वाटण्याची शक्यता आहे. त्यांनी दुसरं काही घ्यावं हे बरं.

बूच काढण्याआधी

सगळ्यात मोठी चूक तापमानाची होते. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची हे वाक्य युरोपातल्या जुन्या, थंड दगडी घरांतलं आहे. 28-30 अंशांवर नेब्बिओलोमधलं अल्कोहोल, जे 14 ते 14.5 टक्के असतं, नाकात जातं, गुलाबाचा वास त्याखाली दबतो आणि चव ढिली पडते. उलट 10-12 अंशांवर टॅनिन खरखरीत लागतं. हवेत 16 ते 18 अंश. 30 अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून 12 ते 15 मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, कारण बर्फाचे खडे काचेला मोजक्या ठिकाणीच टेकतात. ओतताना 15 अंश असेल तर चांगलंच, ग्लासात दोन-तीन अंश चढायला वेळ लागत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याचा प्रयोग नको. वाइन गोठली की बूच सरकतं.

आठ-दहा वर्षांहून जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. आडव्या बाटलीत साका एका अंगाला बसलेला असतो, तो तळाशी यायला निदान 24 तास द्यावेत. साका हानिकारक नसतो, पण दाताखाली कचकचतो आणि कडवट लागतो. बुचाच्या आतल्या टोकाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात.

कॉर्कस्क्रू वेटर वापरतात तो, दोन टप्प्यांचा घ्या. मळसूत्र बुचाच्या मधोमध, सरळ उतरवा आणि शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या, म्हणजे बूच खालून फुटून चुरा पडत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीचं बूच भिजून मऊ झालेलं असतं आणि मळसूत्राने मधूनच तुटतं. तिथे दोन पात्यांचा चिमटा वापरावा: पाती काच आणि बूच यांच्या फटीत आळीपाळीने दाबत उतरवायची, मग पिळत वर ओढायचं. तरीही तुकडा आत पडलाच तर स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या. कॉफीचा कागदी फिल्टर टाळा, चवीला कागद लागतो.

डिकँटर, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायचं भांडं, याबद्दल लोक उगाच वाद घालतात. हिशेब वयाचा आहे. चार ते सात वर्षांची बाटली रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये धारेने ओतून दोन तास ठेवा. डिकँटर नसेल तर स्टीलचा स्वच्छ जगही चालतो, फक्त त्याला मसाल्याचा किंवा साबणाचा वास नको. नुसतं बूच काढून बाटली उभी ठेवण्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण गळ्याजवळ हवेला लागणारा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याएवढा असतो. पंधरा वर्षांपुढची बाटली मात्र फक्त साका वेगळा करण्यापुरती, सावकाश, गळ्यामागे उजेड धरून ओता आणि अर्ध्या तासात प्यायला घ्या. जुन्या वाइनचा वास उडायला वेळ लागत नाही.

ग्लास मोठ्या पोटाचा आणि तोंडाला आत वळलेला हवा. 100 ते 120 मिली ओतायची, म्हणजे ग्लासच्या सगळ्यात रुंद भागाच्या खालीच राहते आणि वरच्या जागेत वास साठतो. काठोकाठ भरलेल्या ग्लासमध्ये नेब्बिओलो वाया जाते.

वास आणि चव

आधी न फिरवता नाकाशी न्या. पहिल्या मिनिटाला वाळलेला देशी गुलाब आणि लाल चेरी येते. मग ग्लास टेबलावर टेकवूनच तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या. आता संत्र्याची साल, ज्येष्ठमध, थोडं डांबर, कधी पुदिन्याकडे झुकणारा हिरवा वास. गुलाब आणि डांबर ही जोडी विचित्र वाटते, पण नेब्बिओलोची खूण हीच; डोळे मिटून ओळखायची झाली तर यावरून ओळखावी. एकदम भरभरून येणारा वास या वाइनला नसतो. वीस मिनिटांनी ग्लासात परत नाक घातलं की आधी नसलेलं काहीतरी सापडतं, म्हणून पहिला ग्लास सावकाश प्यावा.

चव घेताना घोट जरा मोठा घ्या, साधारण एक मोठा चमचाभर, आणि पाच-सहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरू द्या. आंबटपणा जिभेच्या कडांना आणि लाळेत कळतो: वाइन गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. टॅनिन हिरड्या, गाल आणि टाळूवर कळतं: तिथे कोरडं, खरखरीत वाटतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडातला बुळबुळीतपणा जातो, म्हणून तो कोरडेपणा. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं. टॅनिन आहे की नाही हे विचारायचं कारण नाही, ते असणारच. पाहायचं ते त्याचा पोत. चांगल्या वर्षाच्या बारबारेस्कोत ते बारीक आणि सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. खराब वर्षी किंवा कच्च्या द्राक्षात ते हिरवट, कडू आणि एकाच जागी टोचणारं लागतं. शेवटी गिळल्यावर चेरी आणि ज्येष्ठमधाची चव किती टिकते ते बघा. चांगली बाटली अर्धं मिनिट तरी सोडत नाही.

या बाटलीचं कौतुक करताना एक उणीव सांगायलाच हवी. बाजारात येते तेव्हा ती बहुधा तीन-चार वर्षांचीच असते आणि काही वर्षी इतकी आखडलेली की दोन तासांच्या डिकँटिंगनेही फारशी उघडत नाही. फळाचा वास बसलेला, टॅनिन पुढे आलेलं. असं झालं तर उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 16 अंशांवर आणून प्या. नेब्बिओलो दुसऱ्या दिवशी पुष्कळदा जास्त चांगली लागते.

बिघडलेली बाटली

ओला पुठ्ठा, बंद खोलीतला कुबटपणा असा वास आला तर तो बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा. हवेने तो जात नाही, उलट वाढतो. आरोग्याला धोका नाही, पण वाइन मेली. फसवा प्रकार तो सौम्य टीसीएचा: कुबट वास जाणवत नाही, फक्त गुलाब आणि चेरी गायब, वाइन मुकी. तिला आखडलेली तरुण वाइन समजून लोक दोन तास वाट पाहतात. ओळखायची खूण अशी की आखडलेली वाइन तासाभरात थोडी तरी पुढे येते, टीसीएवाली मागे जाते. हॉटेलात असा वास आला तर बिनदिक्कत बदलून मागा. त्यासाठीच ते आधी चाखायला देतात, ती वाइन आवडली का हे विचारायला नव्हे.

विझलेली काडी किंवा उकडलेलं अंडं असा वास मात्र तात्पुरता असू शकतो, जोराने डिकँट केल्यावर बहुधा उडतो. नेलपॉलिश आणि व्हिनेगर एकत्र आल्यास तो व्होलाटाइल, म्हणजे हवेत उडणाऱ्या आम्लाचा. किंचित असला तर जुन्या पद्धतीच्या इटालियन वाइनमध्ये चालवून घेतात, नाकात टोचला तर दोष. उन्हात तापलेल्या बाटलीचं बूच काचेच्या कडेच्या वर आलेलं असतं, आवरणाखाली चिकट ओघळ असतो, आणि वाइनमध्ये ताज्या चेरीऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास येतो. मुंबई-पुण्यात घेताना हे आधी तपासा. आवरण बोटाने गोल फिरवून बघा. सहज फिरलं तर बहुधा गळती नाही, चिकटून बसलं असेल तर ती बाटली परत ठेवा.

बरोबर काय खावं

आल्बात याच्याबरोबर अंड्याच्या पिवळ्या बलकाने भरपूर मळलेल्या ताज्या, बारीक शेवयांसारख्या ‘ताजारीन’ खातात, लोण्यात परतून. ऑक्टोबर ते डिसेंबरात वर पांढऱ्या ट्रफलचे काप. किंवा मांस भरलेले छोटे चिमटीदार ‘आन्योलोत्ती देल प्लिन’, वाइनमध्ये तासन्तास शिजवलेलं बीफ, मुरलेलं कास्तेलमान्यो चीज. सगळ्यांत एक सूत्र आहे: स्निग्धांश, प्रथिनं आणि मीठ. टॅनिन लाळेऐवजी मांसातल्या नि चिजातल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड आवळत नाही. टोमॅटोचा आंबट सॉस या यादीत नाही, तो बार्बेरा या इथल्याच दुसऱ्या द्राक्षाच्या वाइनबरोबर बरा.

आपल्या जेवणात जागा शोधायची तर तिखट टाळावं लागतं. मिरचीने अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिनची खरखर दोन्ही वाढतात. तांबडा रस्सा, ठेचा, मालवणी मटण यांच्यासमोर ही वाइन नुसती कडू लागते. कोल्हापूरचा पांढरा रस्सा मात्र मिरी बेताची ठेवली तर छान जमतो, कारण नारळाचं दूध, काजू, खसखस आणि मटणाचा स्निग्धांश टॅनिनला सांभाळून घेतात. आळणी मटण त्याहून चांगलं. शाकाहारी ताटात लोण्यात परतलेले मशरूम, मशरूमचा रिसोत्तो, भाजलेलं वांगं लसूण आणि मिठावर, मुरलेलं पार्मेझान. मासे नकोत. बांगडा-सुरमईसारख्या तेलकट माशांचं तेल वाइनमधल्या लोहाशी गाठ पडली की तोंडात खवट आणि धातूसारखं लागतं. सोलकढी तर मुळीच नको; दोन आंबट एकमेकांना मारतात.

रिझेर्व्हा घ्यावी का?

चांगल्या वर्षी संस्था नऊ मळ्यांच्या वेगवेगळ्या रिझेर्व्हा काढते: आझीली, राबाया, पोरा, मोन्तेस्तेफानो, मोन्तेफीको, ओवेल्लो, पाये, रिओ सोर्दो आणि मुन्कागोता. सुमारे तीन वर्षं पिंपात आणि एक वर्ष बाटलीत ठेवून त्या येतात, आणि भाव साध्या बारबारेस्कोच्या दीड-दोन पट. आझीली सुगंधी आणि रेखीव, पोरा त्यातल्या त्यात लवकर खुलणारी, रिओ सोर्दो मवाळ, राबाया भरीव. मोन्तेस्तेफानो सगळ्यात जास्त बारोलोच्या वळणाची आणि मोन्तेफीको तितकीच कठोर. या दोघी दहा वर्षांच्या आत उघडणं हा अन्याय आहे. एकाच हाताने, एकाच पद्धतीने बनवलेल्या, फक्त जमीन वेगळी अशा नऊ बाटल्या शेजारी शेजारी चाखण्याची सोय दुसरीकडे इतक्या रास्त भावात मिळणं अवघड आहे. चार-पाच जणांनी वर्गणी काढून आझीली आणि मोन्तेस्तेफानो एकाच सालच्या उघडाव्यात, मळ्याने किती फरक पडतो ते एका संध्याकाळीत कळतं.

पण पाच वर्षांच्या आत प्यायची असेल, किंवा ठेवायला थंड जागा नसेल, तर रिझेर्व्हावर जादा पैसे घालू नयेत. शिवाय ज्या वर्षी संस्था रिझेर्व्हा काढत नाही, त्या वर्षी त्या नऊ मळ्यांची द्राक्षं साध्या बारबारेस्कोतच जातात. अशा वर्षाची साधी बाटली भावाच्या मानाने सगळ्यात उजवी.

सालांबद्दल थोडक्यात. 2016 ताठ, लांब पल्ल्याचं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी घाई करू नये. 2017 च्या उन्हाळ्यात दुष्काळ आणि उष्णता होती, त्यामुळे फळ पिकलेलं, टॅनिन थोडं कोरडं. 2018 हलकं आणि लवकर पिण्याजोगं. 2019 घडीव, टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही जोरात. 2020 मोकळं, 2021 पुन्हा ताठ. हॉटेलच्या यादीत दोन साली दिसली आणि त्याच रात्री प्यायची असेल तर 2019 सोडून 2018 किंवा 2020 घ्या. साधी बाटली तोडणीपासून सहाव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत सर्वांत छान असते.

घेताना एक दक्षता. संस्थेची ‘लांगे नेब्बिओलो’ नावाची तिसरी, स्वस्त वाइन आहे आणि लेबलची मांडणी जवळपास सारखीच. ती वाईट नाही, कमी मुरलेली, लवकर प्यायची. पण बारबारेस्कोच्या भावात गळ्यात पडू नये. लेबलवर ठळक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा आणि गळ्यावरची क्रमांक असलेली डीओसीजीची कागदी पट्टी बघा, लांगे नेब्बिओलोला ती नसते.

परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या निवांत. चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. घरी आल्यावर दोन आठवडे तरी उघडू नका, प्रवासात हललेला साका बसू द्या. आणि माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखालचा किंवा स्लॅबखालचा माळा 35 अंशांच्या पुढे जातो आणि दोन महिन्यांत वाइन शिजते. 12 ते 14 अंशांचा वाइन फ्रिज उत्तम. तो नसेल तर साध्या फ्रिजचा खालचा, भाजीचा कप्पा, बाटली आडवी आणि कागदात गुंडाळलेली, सहा-आठ महिन्यांसाठी पुरतो. त्यापुढे ठेवायची तर थंड जागेची सोय असलेल्या कोणाकडे तरी द्या, नाहीतर पिऊन टाका.